अमेरिकेतील विभागीय वैद्यकीय ग्रंथालयांचे जाळे : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
वैद्यकीय ग्रंथसंपदा प्रामुख्याने मोठ्या शहरांत एकवटते. रुग्ण मात्र सर्वत्र असतात. या विसंगतीवर अमेरिकेने १९६५ नंतर योजलेल्या उपायाची जडणघडण व मर्यादा यांचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

पार्श्वभूमी :
लष्करातील सर्जन जनरलच्या कार्यालयात १८३६ मध्ये सुरू झालेल्या लहानशा ग्रंथसंग्रहात अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाचा उगम आहे. जॉन शॉ बिलिंग्ज यांनी त्यास व्यापक रूप दिले व १८७९ मध्ये ‘इंडेक्स मेडिकस’ ही लेखसूची सुरू केली. १९५६ च्या कायद्याने हे ग्रंथालय लष्कराकडून सार्वजनिक आरोग्य सेवेकडे आले. १९६४ मध्ये ‘मेडलार्स’ ही संगणकीय सूचिप्रणाली कार्यान्वित झाली. तथापि, सूचीमुळे कोणता लेख प्रसिद्ध झाला एवढेच कळते. तो वाचावयास मिळणे ही निराळी बाब होय.

जाळ्याची उभारणी :
हृदयरोग, कर्करोग व पक्षाघात यांविषयीच्या डीबेकी आयोगाने १९६४ मध्ये वैद्यकीय ग्रंथालयांच्या सक्षमीकरणाची गरज प्रतिपादन केली. २२ ऑक्टोबर १९६५ रोजी वैद्यकीय ग्रंथालय साहाय्य कायदा संमत झाला. त्यान्वये १९६७ मध्ये बोस्टनचे काउंटवे ग्रंथालय पहिले विभागीय ग्रंथालय ठरले. पुढे देशाचे ११ विभाग करण्यात आले. स्थानिक ग्रंथालयात न मिळणारा लेख प्रथम विभागातील समृद्ध ग्रंथालयाकडे, तेथेही नसल्यास राष्ट्रीय ग्रंथालयाकडे मागावयाचा, अशी ही उतरंड होती. त्यामुळे प्रत्येक रुग्णालयाने प्रत्येक नियतकालिक विकत घेण्याची निकड उरली नाही.

छायाप्रतींचा वाद :
या व्यवस्थेचा प्राण म्हणजे लेखांच्या छायाप्रती. त्यांवरच ‘विल्यम्स अँड विल्किन्स’ या प्रकाशनसंस्थेने १९६८ मध्ये दावा दाखल केला. वर्गणी घटेल ही प्रकाशकांची भीती अगदीच निराधार नव्हती. १९७३ मध्ये निकाल ग्रंथालयाच्या बाजूने लागला. १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्तींची मते ४ विरुद्ध ४ अशी विभागली गेल्याने तो कायम राहिला. ज्ञानप्रसाराची एवढी मोठी व्यवस्था समसमान मतांवर तगली, ही बाब लक्षणीय होय.

मर्यादा :
१९८५ मध्ये ‘डॉकलाइन’ प्रणालीने मागण्यांचे वितरण स्वयंचलित केले. परंतु ग्रंथालय असलेल्या संस्थेशी संबंध नसलेला ग्रामीण डॉक्टर बव्हंशी उपेक्षितच राहिला. डीबेकी यांच्याच अध्यक्षतेखालील समितीने १९८९ च्या अहवालात अशा व्यावसायिकांपर्यंत पोहोचण्यावर भर दिला. जाळे ग्रंथालयांना जोडत होते. वाचकाला जोडणे शिल्लक होते.

समारोप :
१९९७ मध्ये ‘पबमेड’द्वारे सूची सर्वांना विनामूल्य खुली झाली. तरीही अनेक लेखांची संपूर्ण संहिता वर्गणीच्या कुंपणाआडच राहिली. माहितीचा शोध व माहितीची प्राप्ती यांतील जे अंतर १९६४ मध्ये जाणवले, ते संगणकाने कमी केले, परंतु मिटविले नाही. हे अंतर कमी करण्यासाठी संग्रह वाटून घेण्याची संस्थांची तयारी यंत्राइतकीच आवश्यक असते, हे या इतिहासाचे सार होय.