करोडगिरी नाका, पी५३ आणि उस्मानाबादच्या १,३१,७४६ स्त्रिया

१/८ करोडगिरी हे निजामी राज्याचे जकात खाते. राज्याच्या सीमेवर त्याचे नाके असत आणि तपासणीशिवाय माल पुढे जात नसे. उदगीरच्या जुन्या पिढीला हा शब्द परिचित आहे. आजचा धागा अशाच एका नाक्याविषयी आहे. फक्त तो माणसाच्या पेशीत आहे.

२/८ विभाजनापूर्वी पेशी आपल्या डीएनएची संपूर्ण प्रत तयार करते. डीएनए शाबूत आहे की नाही, याची तपासणी प्रत काढण्याआधी आणि नंतरही होते. लेलंड हार्टवेल व टेड वाइनर्ट यांनी १९८९ मध्ये या तपासणीसाठी ‘चेकपॉइंट’ ही संज्ञा रूढ केली.

३/८ या नाक्यावरची दोन प्रथिने महत्त्वाची. ‘आरबी’ प्रत काढण्याचे काम अवेळी सुरू होऊ देत नाही. १९७९ मध्ये सापडलेले ‘पी५३’ डीएनएला इजा झाल्यास विभाजन रोखते. दुरुस्ती अशक्य असल्यास पेशीला मृत्यूकडे नेते.

४/८ १९८३-८४ मध्ये हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या प्रयोगशाळेला गर्भाशयमुखाच्या कर्करोगात एचपीव्ही १६ आणि १८ हे विषाणू आढळले. पुढे १९८९-९० मध्ये उलगडा झाला: विषाणूचे ई७ प्रथिन आरबीला निष्प्रभ करते, ई६ हे पी५३ नष्ट करवते. नाके ओस पडतात.

५/८ बहुतेक संसर्ग आपोआप बरे होतात. जे टिकून राहतात, त्यांचे कर्करोगात रूपांतर होण्यास अनेक वर्षे लागतात. त्या अवधीत विषाणू हुडकला तर प्राण वाचतील काय? याचे उत्तर मराठवाड्याच्या खेड्यांतून आले.

६/८ १९९९ मध्ये टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आणि लियाँची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी उस्मानाबाद जिल्ह्यात अभ्यास आरंभला. गावांचे ५२ समूह, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया आणि चार गट: एचपीव्ही चाचणी, पेशी-तपासणी, व्हिनेगर लावून पाहणी, आणि तुलनेसाठी चाचणी न दिलेला गट.

७/८ निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. एकदाच एचपीव्ही चाचणी देऊ केलेल्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले, तुलनेच्या गटात ६४. मृत्यूचा धोका जवळपास निम्मा झाला होता. मात्र चौथ्या गटाला चाचणीविना ठेवणे नैतिक होते काय, यावर पुढे तीव्र वाद झाला. तेव्हा तेथे नियमित तपासणीची व्यवस्थाच नव्हती, हे समर्थकांचे म्हणणे; धोका माहीत असताना तुलना कशासाठी, हा टीकाकारांचा प्रश्न.

८/८ जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये एचपीव्ही चाचणीला प्राधान्य दिले. त्यामागील पुराव्यात या स्त्रियांचा वाटा मोठा आहे. १९८२ मध्ये लातूर जिल्हा वेगळा होईपर्यंत उदगीरही उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. विज्ञानाच्या इतिहासात हार्टवेल आणि त्सुर हाउझेन यांची नोबेल नोंदली गेली. ते ६४ मृत्यू मात्र एका तक्त्यातील आकडा म्हणूनच उरले आहेत. मराठवाड्याचा इतिहास लिहिताना त्यांची नोंद आपण केली पाहिजे, आणि आपल्या घरातील तिशीपुढच्या स्त्रियांना ही चाचणी माहीत आहे का, हेही विचारले पाहिजे.