रानउडदाचें देणें

नाशिकचा इतिहास म्हटला कीं पांडवलेणीं, सातवाहनांचे शिलालेख आणि पेशवाईंतील मंदिरें वाचकांच्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. परंतु पेठ-सुरगाण्याच्या उतारांवर नागली-वरईच्या शेजारीं पिकणाऱ्या उडदासही इतिहास आहे, आणि तो त्या शिलालेखांहून जुना आहे.

शेजारच्या अहमदनगर, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर, जिल्ह्यांत प्रवरेकांठीं दायमाबाद हें गांव आहे. तेथें १९५८ ते १९७९ या काळांत तीन वेळां उत्खनन झालें. सर्वांत जुन्या वसाहतीच्या थरांत जव व मसूर यांच्याबरोबर उडीद-मुगाच्या वर्गांतील दाणे सांपडले. त्या वसाहतीस चार हजार वर्षें होऊन गेलीं. जव आणि मसूर हे पश्चिम आशियांतून आलेले पाहुणे. उडीद मात्र याच भूमीचा. त्याचा रानटी भाऊबंद सह्याद्रीच्या उतारांवर गवतांत वेल पसरून अद्याप वाढतो.

या रानउडदाच्या शेंगा पिकतांच तडकतात आणि बारीक, कठीण कवचाचे दाणे दूर उडतात. ज्या झाडाच्या शेंगा तडकल्या नाहींत, त्याचेंच बी शेतकऱ्याच्या हातीं लागलें व पुढील सालीं पेरलें गेलें. अशा निवडीनें शेंकडों पिढ्यांनंतर टपोरा, लवकर शिजणारा उडीद तयार झाला. परंतु या निवडीला दुसरी बाजूही होती. माणसाच्या राखणींत वाढलेलें पीक स्वसंरक्षणाचे कांहीं गुण गमावून बसलें.

याचा प्रत्यय प्रत्येक गृहिणीस येतो. भुंग्याची मादी दाण्यावर अंडें घालते, अळी आंत शिरून दाणा पोखरते, आणि वाढलेला भुंगा वाटोळें भोंक पाडून बाहेर येतो. उन्हांत वाळवणें, राख चोळणें, तेलाचा हात लावणें हे सारे उपाय त्याच्याच धास्तीनें चालत आले आहेत.

१९८० सालीं वनस्पतिशास्त्रज्ञांनीं रानउडदास ‘व्हिग्ना मुंगो सिल्व्हेस्ट्रिस’ असें नांव दिलें. शेवटच्या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘रानांतला’ एवढाच. पुढें मुंबईंतील भाभा अणुसंशोधन केंद्रानें या रानटी प्रकाराचा ‘टीयू ९४-२’ या लागवडीच्या जातीशीं संकर केला. त्या संततीचा जो अभ्यास २०१० मध्यें प्रसिद्ध झाला, त्यावरून असें दिसलें कीं रानउडदांत भुंग्याची वाढ लांबते आणि बाहेर पडणारे भुंगे थोडे असतात. मात्र हा गुण एका जनुकांत नसून अनेक ठिकाणीं विखुरलेला आहे. अशाच संकरांतून ‘टीयू ४०’ ही जात निघाली व २०१३ मध्यें दक्षिणेकडील राज्यांकरितां प्रसृत झाली.

हें काम सोपें नव्हे. रानटी बापाकडून प्रतिकारशक्तीबरोबर तडकणाऱ्या शेंगा आणि बारीक दाणेही येतात. ते गाळण्यास पिढ्यामागून पिढ्या पेरून निवड करावी लागते, आणि त्यांत वर्षेंच्या वर्षें जातात.

म्हणून डोंगरावरील त्या वेलीस निरुपयोगी तण मानणें आम्हांस परवडणारें नाहीं. राष्ट्रीय वनस्पति अनुवंशिक संसाधन ब्यूरो ही संस्था, जिचें एक केंद्र अकोल्यास आहे, अशा वनस्पतींचें बी शीतगृहांत जतन करिते. तें आवश्यकच आहे. परंतु शीतगृहांतील बी निजलेलें असतें. डोंगरावरचें बी दर पावसाळ्यांत नव्या किडीशीं व नव्या हवेशीं झुंजत बदलत जातें. उतार खणले गेले, गवतास वणवे लागत राहिले, तर हें झुंजणें थांबेल, आणि एकदां नष्ट झालेला गुण कोणत्याही प्रयोगशाळेस आयता मिळणार नाहीं. आमच्या महाविद्यालयांतील वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनीं पावसाळ्याच्या अखेरीस जवळच्या डोंगरांवर जाऊन अशा वेली कोठें आहेत याची नोंद ठेवावी. लेण्यांची नोंद आम्ही ठेवतों. तिच्याइतकीच हीही मोलाची आहे.