पांगुळगाड्याचा मुलूख
ज्या पैठणहून अकीकजातीय पाषाण गाड्यांतून भडोच बंदरी रवाना होत असल्याची नोंद पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात आढळते, त्याच मुलखात बालकाचे पहिले वाहन मात्र पिढ्यान्‌पिढ्या सुताराने घडविलेला तीन चाकी पांगुळगाडा हेच होते. त्याला बाजारपेठ नव्हती, घरोघरची गरज होती.

१९८५ साली याच मुलखातील वाळूजला बजाजचा वाहन-कारखाना उभा राहिला आणि सुटे भाग घडविणाऱ्या लघुउद्योगांचे कसब येथे रुजले. पुढे २०२० साली भारतात खेळण्यांवरील आयातशुल्क २० वरून ६० टक्के झाले, १ जानेवारी २०२१ पासून मानकचिन्हही सक्तीचे ठरले. खेळण्यांपैकी मुलांनी बसून चालवावयाच्या गाडीस चाक, धुरा व साचा यांचेच ज्ञान लागते. ते ज्या मुलखापाशी विपुल आहे, त्याने अशा गाड्यांच्या निर्यातीचा विचार अगत्याने करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.