तिफण: इंग्रज अधिकाऱ्यालाही चकित करणारं पेरणीचं अवजार

जुनं पेरणीयंत्र म्हटलं की घोड्याने ओढलेलं विलायती यंत्र आठवतं. इंग्लंडमध्ये जेथ्रो टल यांनी १७०१च्या सुमारास ते तयार केलं. वर्धा जिल्ह्यात मात्र हे काम बैलजोडी आणि लाकडी तिफणीने केलं. इथली गवळाऊ बैलं चपळ चालीसाठी ओळखली जातात.

तिफण चालते कशी?

तिफण म्हणजे तीन फणांचं अवजार. प्रत्येक फणाला एक पोकळ नळी जोडलेली असते. तिन्ही नळ्या वर एका लाकडी वाटीत, म्हणजे चाड्यात एकत्र येतात. चाड्यावर मूठ धरून बियाणं सोडलं की ते एकाच वेळी तीन तासांत पडतं. मोजमाप करणारी चकती किंवा चाक नाही. बी दाट पडणार की विरळ, हे पेरणाऱ्याच्या मुठीवर ठरतं. अनेक घरांत ही मूठ बाईची असते.

तूर आंतरपीक घ्यायची असेल, तर मागे दोरीने सरतं बांधतात. ही एक सुटी नळी असते. तिच्यातून तुरीचं वेगळं तास पेरलं जातं.

इंग्रजांनी काय पाहिलं?

पेरणीयंत्र हा युरोपचा आधुनिक शोध आहे, असा कॅप्टन थॉमस हॅल्कॉट यांचा समज होता. अठराव्या शतकाच्या अखेरीस दक्षिण भारतातलं पाभरीसारखं अवजार पाहून तो बदलला. त्यांचं टिपण विचारवंत धरमपाल यांनी १९७१च्या आपल्या इंग्रजी पुस्तकात पुन्हा छापलं. याच धरमपालांचं २००६ मध्ये वर्ध्याजवळच्या सेवाग्राममध्ये निधन झालं.

आता काय बदललं?

ट्रॅक्टरचं पेरणीयंत्र थोड्या वेळात जास्त रान उरकतं. वर्षभर बैलजोडी पोसण्यापेक्षा भाड्याने ट्रॅक्टर बोलावणं अनेकांना परवडतं. पण काळ्या जमिनीत वापसा नसताना जड ट्रॅक्टर घातला की माती दबते. हलक्या तिफणीने तेवढं नुकसान होत नाही. बांधालगतचे कोपरे आणि लहान तुकडेही तिला सोपे जातात.

अवजार कोणतंही असो, पुरेसा पाऊस न होता पेरलं तर दुबार पेरणीचा धोका असतोच. म्हणूनच साधारण ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावरच पेरण्याचा सल्ला दिला जातो.

तिफण मोडली तर सुतार दुसरी करून देईल. सारखं बी सोडणारी मूठ मात्र शेतात, जाणत्या माणसाच्या मागे चालूनच शिकावी लागते. बैल कमी झाले, तशी ही शिकवणीही कमी होत चालली आहे.