वॉरहॅमर फँटसी बॅटल
रंगवलेल्या लघुमूर्तींच्या सैन्यांनी टेबलावर खेळायचा ब्रिटिश युद्धखेळ. गेम्स वर्कशॉप कंपनीने तो १९८३ मध्ये आणला. स्पर्धेत प्रत्येक खेळाडू ठरलेल्या गुणमर्यादेत बसणारे सैन्य आणतो. टेबल बहुधा सहा बाय चार फुटांचे. नवख्याला फासेच निर्णायक वाटतात, पण खरे कसब हालचालीत आहे. रांगांत उभी तुकडी सहजासहजी वळत नाही; अर्ध्या इंचाचा अंदाज चुकला तरी बगल उघडी पडते आणि बगलेवर हल्ला झाला की मागच्या रांगांचा फायदा जातो. चकमक हरलेल्या तुकडीसाठी दोन फासे टाकून धैर्य तपासतात. बेरीज तुकडीच्या धैर्याच्या मर्यादेबाहेर गेली की ती पळते. पाठलागात गाठली गेली तर अख्खी बाद. २०१५ मध्ये ‘एज ऑफ सिगमार’ने या खेळाची जागा घेतली, पण रांगांची लढाई २०२४ मध्ये ‘द ओल्ड वर्ल्ड’मधून परतली.