तळटीप : प्रायमस

१७. प्रायमस : हवेच्या दाबावर चालणारा, बिनवातीचा रॉकेलचा स्टो. स्वीडनच्या फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट याने तो १८९२ च्या सुमारास तयार केला. नान्सेनने आपल्या उत्तर ध्रुवाच्या मोहिमेत (१८९३–९६) तो वापरला. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेतही तो होता. महाराष्ट्रात एकेकाळी घरोघरी असलेला ‘पंपाचा स्टो’ याच जातीचा. बर्नरखालच्या वाटीत आधी स्पिरिट जाळून बर्नर तापवतात, मग पंप मारतात. दाबाने वर चढलेल्या रॉकेलची तापलेल्या बर्नरमध्ये वाफ होते आणि ती बारीक छिद्रातून बाहेर पडून निळ्या ज्योतीने जळते. बर्नर पुरेसा तापला नसेल, तर पातळ रॉकेलच बाहेर येऊन पिवळा, काजळीचा भडका उडतो. वरील प्रसंगात तंबूत घडले ते हेच. ‘पिन मारणे’ म्हणजे छिद्रातला कचरा बारीक तारेने काढणे. स्टो विझवायला टाकीवरचा हवेचा स्क्रू सैल करतात. शून्याखालच्या थंडीत साध्या ब्यूटेन गॅसची वाफ नीट होत नाही. रॉकेलला ती अडचण नसल्याने लेखकाच्या तुकडीने हाच स्टो निवडला. बंद तंबूत कोणताही स्टो पेटवल्यास कार्बन मोनॉक्साइड साचून जीव जाऊ शकतो.