आपल्या खाडीच्या मुखावरील राजधानी

मंडळाच्या स्मरणिकेसाठी काही इतिहासाचे लिहावे, असा भगिनींचा आग्रह झाला. युरोपातील राजधान्यांची वर्णने आपण हौसेने वाचतो. टागस नदीच्या मुखाशी वसलेले पोर्तुगालचे लिस्बन शहर त्यांपैकीच एक. परंतु त्याच पोर्तुगीजांनी आपल्या उल्हास नदीच्या मुखाशीही एक राजधानी वसविली होती, याची आठवण आपणांस कितीशी असते? खारबावहून गाडीत बसले की तिसरेच स्टेशन वसई रोड; तेथून पुढे वसईचा किल्ला.

गुजरातच्या बहादूरशहाने 1534 साली तह करून वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली. पुढे दोनशे वर्षे गोव्याखालोखाल याच शहराचा मान होता. त्यांच्या उत्तर प्रांताचा कारभार येथून चाले. म्हणूनच या शहरास ‘उत्तरेचा दरबार’ म्हणत. दहा बुरुजांच्या तटात चर्चे, मठ, बाजार, सरदारांचे वाडे असे सर्व काही होते. वाड्यांच्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांच्या पातळ चकत्या बसवीत. वसईचा दगड थेट गोव्याच्या चर्चबांधणीसाठी जाई, आणि आसपासच्या रानांतील सागावर येथे जहाजे बांधली जात.

हे वैभव कोणाच्या श्रमावर उभे होते, हे मात्र विसरता कामा नये. तटाच्या आत रात्री फक्त ख्रिस्ती लोकांनाच राहता येई. इतर व्यापारी व कारागीर दिवसा काम करीत आणि अंधार पडताच त्यांना वेशीबाहेर जावे लागे. ज्यांच्या हातांनी शहर चालले, त्यांना तेथे पाठ टेकण्याची परवानगी नव्हती!

याच वसईत गोन्सालो गार्सिया जन्मला. त्याची आई येथलीच होती, असे मानतात. 1597 साली जपानात नागासाकी येथे त्याला क्रुसावर मरण आले आणि 1862 मध्ये त्यास संतपद मिळाले.

मे 1739 मध्ये चिमाजीअप्पांनी वसई जिंकली. सुरुंगांनी तट फुटला, दोन्ही बाजूंची माणसे पडली. तरीही शरण आलेल्यांना बायकामुलांसह व सामानसुमानासह सुखरूप जाऊ दिले, ही गोष्ट मला विजयाइतकीच मोठी वाटते. चर्चमधील घंटा भीमाशंकर, मेणवली येथे पोहोचल्या. आपल्याच तालुक्यातील वज्रेश्वरीचे देऊळ चिमाजीअप्पांच्या नवसाचे, अशी परंपरा आहे. पुढे 1802 साली दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला तोही वसईसच. 1818 नंतर इंग्रजी अमलात सारा व्यापार मुंबईकडे वळला आणि शहर ओस पडले.

आता लिस्बनकडे पुन्हा पाहू. 1 नोव्हेंबर 1755 च्या भूकंपात ते शहर कोसळले. लोकांनी ते पुन्हा बांधले. परंतु कार्मोच्या मठाच्या चर्चला छप्पर न घालता ते तसेच उघडे ठेवले, व आपत्तीची खूण म्हणून आजही जपले. आपल्या वसईतही सेंट जोसेफ, डॉमिनिकन, फ्रान्सिस्कन अशी बिनछपराची चर्चे उभी आहेत. पुरातत्त्व खात्याचे संरक्षण त्यांना आहे. पण भिंतींवर नावे कोरणारे आणि कोपऱ्यांत कचरा टाकणारे हात आपल्यातलेच असतात. पाहारेकरी किती ठिकाणी पुरे पडणार?

कोणी म्हणेल, परक्यांच्या भिंती आपण कशाला जपाव्या? माझे उत्तर एवढेच, की तो दगड आपल्या मातीतला, ते श्रम आपल्या माणसांचे, आणि तो तट जिंकताना रक्तही आपल्या माणसांचे सांडले. ज्या वेशीतून संध्याकाळी आपल्या माणसांना बाहेर काढीत, ती वेस आज आपल्या स्वाधीन आहे.

तेव्हा मंडळाची यंदाची सहल वसईस काढावी, अशी माझी सूचना आहे. मुलांना बरोबर न्यावे, समुद्रदरवाजा व बालेकिल्ला नीट दाखवावा, आणि डबे खाऊन झाल्यावर कागदाचा एक कपटाही मागे ठेवू नये. इतिहास वाचणे सोपे आहे. तो सांभाळण्याची सवय मात्र घरातूनच लागते, आणि ते काम आपण बायका उत्तम जाणतो.